रानांतील वेळेची वांटणी

वांटणी हा शब्द कानीं पडतांच आपल्या समाजांत प्रथम भाऊबंदकीची आठवण होते. कोंकणांत तर ती विशेषच होते. दिवेआगरसारख्या किनाऱ्यावरील गांवांत नारळी-पोफळीच्या वाड्या पिढ्यानुपिढ्या वांटल्या गेल्या. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या, माडांची मोजदाद झाली, आणि हद्दीवरच्या एखाद्या फणसापायीं दोन घरांनीं अबोलाहि धरला. गांवहि कांहीं लहान वयाचें नव्हे. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा, येथला ताम्रपट मराठीच्या आद्य लेखांत गणला जातो, आणि तोहि व्यवहाराचाच आहे. माणसाला आपले हक्क तांब्यावर कोरून ठेवावे लागतात. परंतु याच किनाऱ्याच्या पाठीमागें ज्या टेकड्या चढत चढत सह्याद्रीच्या रांगांकडे जातात, त्यांच्या रानांत याहून कितीतरी जुनी अशी एक वांटणी नांदत आली आहे. ती कोठें लिहिलेली नाहीं. तिचे भागीदार खुरांचे प्राणी आहेत. आणि त्यांनीं नुसती जागा वांटून घेतलेली नाहीं, तर दिवस आणि रात्रहि वांटून घेतली आहे.

हे भागीदार कोण, तें आधीं पाहूं. सर्वांत धाकटी पिसोरी. तिचें वजन तीन-चार किलो, म्हणजे एखाद्या सशाहून फारसें अधिक नव्हे. तिला शिंगें नसतात. अंगावर पांढरे ठिपके व पट्टे असतात, आणि दिवसा ती खडकाच्या कपारींत किंवा झाडाच्या ढोलींत दडून बसते. तिच्याहून मोठें भेकर, वीस किलोंच्या आसपास. तें एकटें राहतें, आणि भय वाटलें म्हणजे कुत्र्यासारखें भुंकतें. चौशिंगा अंगानें साधारण तेवढाच. पण सांबराचीं शिंगें ठराविक काळानें गळून नवीं येतात, तशीं याचीं येत नाहींत. तीं जन्मभर टिकतात. रानडुक्कर रवंथ न करणारें, नाकाडानें जमीन उकरणारें. सांबराचा नर दोनशें किलोंच्या वर जातो, आणि गव्याचा पूर्ण वाढलेला नर आठशें किलोंच्याहि पुढें. हे सारे एकाच ठिकाणीं भेटतील असें मात्र नाहीं. किनाऱ्याजवळच्या फणसाडच्या रानांत पिसोरी, भेकर, चौशिंगा, डुक्कर आणि सांबर आहेत. गव्यासाठीं घाटमाथ्यावर कोयना, चांदोली किंवा राधानगरीच्या बाजूस जावें लागतें.

आतां एवढे भागीदार एका रानांत राहतात तरी कसे? याचें पहिलें उत्तर त्यांच्या पोटांत आहे. रवंथ करणाऱ्या जनावरांत देह जितका लहान, तितकी वजनाच्या मानानें त्याला शक्ति अधिक लागते, आणि चारा आंबवून पचविण्यास पोटांत जागा मात्र थोडी असते. म्हणून पिसोरी व भेकर यांना थोडें पण कसदार अन्न हवें: गळालेलीं फळें, कळ्या, कोवळे कोंब. गव्याचें पोट म्हणजे मोठा रांजण. त्यांत जाडेंभरडें गवत, बांबूचीं पानें, प्रसंगीं झाडाची सालहि मुरते. सांबर या दोहोंच्या मध्यें उभें आहे. तें गवतहि खातें आणि पालाहि ओरबाडतें. डुकराचें ताट तर अगदींच निराळें, कारण तें कंदमुळांसाठीं मातींत तोंड घालतें. ज्या आवळ्याखालीं भेकर फळें वेंचतें, त्याच आवळ्याच्या बिया तें पुढें रवंथ करतांना दुसऱ्या ठिकाणीं टाकतें, आणि तेथें नवें रोप उगवतें. म्हणजे खाणारा तोच पेरणाराहि होतो. दूर आफ्रिकेंत सेरेंगेटीच्या माळावर बेल या शास्त्रज्ञानें १९७१ सालीं असाच क्रम दाखवून दिला. तेथें प्रथम झेब्रे उंच, राठ गवत खाऊन व तुडवून जातात. त्यांच्या मागून नू नांवाचीं जनावरें येतात. आणि शेवटीं लहान गॅझेल हरणें खालचे कोवळे कोंब टिपतात. एकाचें उष्टें तें दुसऱ्याचें पक्वान्न!

दुसरें उत्तर काळांत आहे. फणसाडच्या रानांत पाणवठ्याला 'गाण' म्हणतात. उन्हाळ्यांत ओढे आटले म्हणजे सगळ्या रानाची तहान या थोड्या गाणींवर येऊन पडते. जागा एकच, पाणी एकच. मग भागावें कसें? चौशिंग्याला पाण्याची गरज मोठी, आणि तो बहुधा दिवसा वावरतो. भेकर पहांटे व तिन्हीसांजेला, आणि रान शांत असेल तर दिवसाहि हिंडतें. अंधार पडूं लागला कीं सांबर उतारावरून खालीं येतें, आणि रात्रभर चरून उजाडण्याच्या सुमारास पुन्हां दाट झाडींत शिरतें. पिसोरी तर रात्रीचीच रहिवासी. घाटमाथ्यावरचे गवे निर्भय असले म्हणजे सकाळ-संध्याकाळ चरतात, आणि भर उन्हांत सावलींत बसून रवंथ करतात.

मात्र यांत कोणी सौजन्य किंवा सामंजस्य पाहूं नये. तिन्हीसांजेला या पाळ्या एकमेकींत मिसळतात, आणि नेमका तेव्हांच बिबट्याहि वाटेवर असतो. प्रत्येकाची वेळ उन्हानें, पोटानें आणि भयानें ठरविलेली आहे. भेकर भुंकलें म्हणजे सांबर सावध होतें. पण भेकरानें सांबरावर उपकार करावा म्हणून तें भुंकलें, असें नव्हे. तरीहि परिणाम असा होतो कीं, जें रान एका-दोन जातींनाच पुरेल असें वाटावें, तें पांच-सहा जातींना पुरतें.

या वांटणींत माणूस फार पूर्वींच शिरला, आणि तो शिकारी म्हणून शिरला. बाराव्या शतकांत चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें रचिलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथांत राजाच्या विनोदांमध्यें मृगयेलाहि स्थान आहे. अठराव्या शतकाच्या प्रारंभीं रामचंद्रपंत अमात्यांनीं आज्ञापत्रांत झाडांविषयीं जी कळकळ दाखविली, ती वाचून आजहि समाधान वाटतें. आरमाराला लाकूड हवें, पण रयतेनें वाढविलेल्या आंब्या-फणसांना हात लावूं नये, असा तिचा आशय आहे. जेथें झाडी राहिली तेथें जनावरेंहि राहिलीं. परंतु तीं कोणाच्या हिशेबांत नव्हतीं. पुढें १८३१ सालीं सायक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें दख्खनमधील सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली, आणि पिसोरीसारखीं मराठी नांवें शास्त्राच्या दप्तरीं लागलीं.

दिवेआगर-श्रीवर्धनचा मुलूख १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबांच्या संस्थानांत होता. राजपुरीच्या खाडीपलीकडे, मुरूडजवळचें फणसाडचें रान त्यांनीं शिकारीसाठीं राखलें होतें. संस्थानिकांच्या अशा रानांविषयीं मत देतांना दोन्ही बाजू पाहाव्या. हाकेवाल्यांच्या आरोळ्यांनीं रान दणाणे, माचाणासमोर सांबर पडे, हें खरेंच. परंतु शिकार म्हणजे वर्षांतले थोडे दिवस. एरव्हीं अशा रानांत कुऱ्हाडीला मोकळीक नसे. राजाच्या हौसेनें रानाला, अगदीं नकळत, पुष्कळसा निवांत वेळ मिळवून दिला. संस्थान विलीन झालें, १९७२ सालीं वन्यजीवांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि १९८६ सालीं फणसाड अभयारण्य म्हणून जाहीर झालें. राजाची राखण जाऊन कायद्याची राखण आली.

दक्षिणेस कोल्हापुरांतहि हीच कथा घडली. छत्रपति शाहू महाराजांनीं शिकारीसाठीं राखलेल्या दाजीपूरच्या रानांत १९५८ सालीं गव्यांसाठीं अभयारण्य झालें, आणि १९८५ सालीं तें वाढवून राधानगरीचें अभयारण्य करण्यांत आलें. परंतु आपल्या देशांतील गव्याला बंदुकीहून भयंकर असा एक शत्रु होता, तो म्हणजे बुळकांडी. माणसामागून त्याचीं गुरें रानांत शिरलीं, आणि गुरांबरोबर हा रोगहि शिरला. १९६८ सालीं निलगिरीच्या पायथ्याच्या बंदीपूर-मुदुमलईच्या रानांत या रोगानें गव्यांचे कळप उजाड केले. गुरांच्या रोगांच्या अभ्यासासाठीं १८८९ सालींच पुण्यांत सरकारी प्रयोगशाळा निघाली होती, ती पुढें कुमाऊंतील मुक्तेश्वरला गेली. लसीच्या बळावर भारत २००६ सालीं या रोगांतून मुक्त ठरला, आणि २०११ सालीं तो साऱ्या पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. मानवाच्या खऱ्याखुऱ्या विजयांत या गोष्टीची गणना करावी लागेल. परंतु जुन्या वांटणींत नवा भागीदार घुसला म्हणजे मूळच्या भागीदारांवर काय गुदरतें, हेंहि तिनें शिकविलें.

आज मात्र जो धोका आहे तो बंदुकीचा नव्हे आणि बुळकांडीचाहि नव्हे. २०१८ सालीं कांहीं शास्त्रज्ञांनीं सहा खंडांतील ७६ अभ्यास एकत्र करून ६२ जातींच्या सस्तन प्राण्यांचा हिशेब मांडला. माणसाचा वावर जेथें वाढतो, तेथें प्राण्यांचा रात्रींचा वावर सरासरी १.३६ पट होतो, असें त्यांना दिसलें. या माणसांत बंदूकवाला आला, शेतकरी आला, आणि नुसता हवा खाण्यास निघालेला प्रवासीहि आला. हा आंकडा आपल्या रानाला लावून पाहावा. दिवस ज्यांच्या वांट्याला आला होता तीं जनावरें माणसाच्या भयानें रात्रींत शिरूं लागलीं, तर तेथें आधींपासून वावरणारीं सांबर, पिसोरी, डुक्कर आणि बिबट्या यांच्यांत त्यांची दाटी होणार. रान तेवढेंच राहील, नकाशावरची हद्द तीच राहील, आणि तरीहि रान निम्में झालेलें असेल.

दिवेआगरला हा प्रश्न दूरचा नाहीं. १९९७ सालीं येथें जमिनींत सुवर्णगणेश सांपडला, तेव्हांपासून गांवाचें नांव दूरवर गेलें, आणि किनाऱ्यावर मुक्कामास येणाऱ्यांची वर्दळ वाढली. पाहुण्यांवर गांवचीं कितीतरी घरें चालतात; त्यांना येऊं नका असें कोण म्हणेल? त्याचप्रमाणें कोंकणांत डुकरांनीं एका रात्रींत पीक उकरलें म्हणजे ज्या शेतकऱ्याला राखणीसाठीं जागरण करावें लागतें, त्याची तक्रारहि खोटी नाहीं. तोहि या वांटणींतला भागीदारच आहे. परंतु रात्रीं टेकड्यांच्या वाटांवरून दिवे रोखून धांवणारी गाडी, किंवा पाणवठ्याजवळ अवेळीं केलेला गलका, यांवांचून कोणाचें कांहींहि अडत नाहीं.

आपल्या कायद्यानें रानाला हेक्टर दिले, तास दिले नाहींत. मात्र तसे देतां येतात, याचें उदाहरण आपल्यासमोर आहे. ज्या बंदीपुरांत बुळकांडीनें गवे मेले, तेथूनच जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर २००९ सालीं रात्रीं ९ पासून सकाळीं ६ पर्यंत वाहनांना बंदी करण्यांत आली. तिच्यावर वाद पुष्कळ झाले, कारण व्यापाराचें आणि प्रवासाचें नुकसान खरें असतें. परंतु रानाला जागेइतकीच वेळहि लागते, ही गोष्ट तेथें निदान मान्य झाली. किनाऱ्याजवळच्या लहान रानांत तर याहून थोडक्यांत भागेल. संध्याकाळनंतर गाणींकडे जाऊं नये, रानाच्या कडेचे दिवे मंद ठेवावे, रात्रींची वाहतूक आवश्यक तेवढीच असावी, एवढें केलें तरी पुष्कळ झालें.

दिवेलागण झाली कीं बाहेरचें काम आवरून घरांत यावें, असा आपल्याकडे घरोघरचा रिवाज होता. त्याचीं कारणें वडीलधारीं माणसें निरनिराळीं सांगत. रानांतल्या जनावरांचें नांव त्यांत क्वचितच येई. तरी त्या रिवाजांत दुसऱ्याच्या पाळीचा मान आपोआप राखला जात होता. वीज आली, रस्ते आले, आणि तो रिवाज सुटला, यांत वावगें कांहीं नाहीं. पूर्वीं जें नकळत घडत होतें तें आतां समजून-उमजून करावें लागेल, एवढाच काय तो फरक.