प्रकाशीय मेजांचे कंपनविलगक आधार
प्रयोगशाळेतील आरसे, भिंगे, लेसर इ. उपकरणे ज्या सपाट, जड व दृढ मेजावर बसवितात त्यास प्रकाशीय मेज म्हणतात. जमिनीची कंपने या मेजापर्यंत पोहोचू नयेत म्हणून त्याच्या खाली जी योजना करतात तीस कंपनविलगक आधार म्हणतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सु. अर्धा मायक्रॉन असते. प्रकाशाच्या व्यतिकरणावर आधारलेल्या प्रयोगात तिच्या लहानशा अंशाइतके स्थानांतरही मापन निरुपयोगी करू शकते. रस्त्यावरील रहदारी, यंत्रे, माणसांची ये-जा आणि समुद्राच्या लाटा यांमुळे जमीन सतत याहून अधिक हालत असते.

ऐतिहासिक आढावा : या अडचणीचा प्रसिद्ध प्रारंभीचा अनुभव ए. ए. मायकेलसन यांना १८८१ मध्ये आला. त्यांनी बर्लिन येथे मांडलेला व्यतिकरणमापक शहरातील रहदारीमुळे मध्यरात्रीनंतरही वापरता येईना, म्हणून तो पॉट्सडॅम येथील वेधशाळेत हलवावा लागला. तेथेही सु. १०० मी. अंतरावर पाय आपटल्यास व्यतिकरण पट्ट दिसेनासे होत. १८८७ मध्ये क्लीव्हलँड येथे मायकेलसन व ई. डब्ल्यू. मॉर्ली यांनी सु. १·५ मी. चौरस व ०·३ मी. जाडीची वालुकाश्माची शिळा घेतली आणि बिडाच्या कड्यासारख्या द्रोणीतील पाऱ्यावर लाकडी तराफ्याच्या साह्याने ती तरंगत ठेवली. यामुळे उपकरण ताण न पडता फिरविता येऊ लागले व शिळेच्या वस्तुमानामुळे त्यास स्थैर्य लाभले.

टी. एच. मेमन यांनी १९६० मध्ये पहिला लेसर तयार केल्यावर आणि त्यानंतरच्या काही वर्षांत होलोग्राफीचा प्रसार झाल्यावर ही गरज अनेक प्रयोगशाळांना भासू लागली. होलोग्राम घेताना छायापट्टीवर प्रकाश पडत असेपर्यंत मेजावरील सर्व घटक परस्परसापेक्ष स्थिर राहावे लागतात. ज्यांना महाग साधने परवडत नसत त्यांनी मोटारीच्या हवा भरलेल्या रबरी नळ्यांवर वाळूची पेटी ठेवून काम भागविले. पुढे ग्रॅनाइटच्या शिळांबरोबर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गाभा असलेली पोलादी मेजे व संपीडित हवेचे पाय प्रचारात आले. [⟶ लेसर, होलोग्राफी].

तत्त्व : आधार व त्यावरील भार यांची मिळून एक स्वाभाविक कंप्रता असते. येणाऱ्या कंपनाची कंप्रता तिच्या सु. १·४ पटीहून अधिक असेल तरच विलगन होते. त्याखाली कंपन जसेच्या तसे वर जाते आणि स्वाभाविक कंप्रतेजवळ अनुस्पंदनामुळे ते वाढते. म्हणजे अयोग्य आधार मुळीच नसलेल्या आधारापेक्षा वाईट ठरू शकतो. उदा., स्वाभाविक कंप्रता २ हर्ट्‌झ असल्यास १० हर्ट्‌झचे कंपन सु. चोविसाव्या भागाइतके उरते. रबरी गाद्यांची स्वाभाविक कंप्रता मात्र १० हर्ट्‌झच्या आसपास असल्यास तेच कंपन त्यांवर वाढून मिळते.

ही कंप्रता कमी करावयाची तर आधार मऊ करावा लागतो. साध्या स्प्रिंगेवर १ हर्ट्‌झ मिळविण्यास ती भाराखाली सु. २५ सेंमी. दबावी लागते. इतका मऊ आधार भार थोडा सरकताच कलतो. हवेच्या पायात दाब भारानुसार बदलता येतो व झडपांच्या साह्याने मेजाची पातळी आपोआप राखता येते, म्हणून तो स्प्रिंगेपेक्षा सोयीचा ठरला. अनुस्पंदन आटोक्यात ठेवण्यासाठी संदमन वाढवावे, तर उच्च कंप्रतेचे विलगन घटते. अशा रीतीने एका गुणाची किंमत दुसऱ्या गुणाने मोजावी लागते.

निवड : प्रथम जागेवरील कंपने उभ्या व आडव्या अशा दोन्ही दिशांत मोजतात. इमारतींच्या वरच्या मजल्यांची कंपने तळमजल्यापेक्षा सामान्यतः अधिक असतात, म्हणून खडकाशी भिडलेला तळमजला श्रेयस्कर ठरतो. एकूण भार, त्याचा गुरुत्वमध्य व भार बदलण्याची शक्यता लक्षात घेऊन पायांची क्षमता ठरवितात. गुरुत्वमध्य आधारांच्या पातळीच्या फार वर असल्यास मेज डगमगते. पंप, पंखे यांसारखी साधने मेजावरच असतील, तर खालचा कोणताही आधार त्यांची कंपने थोपवू शकत नाही. अगदी कमी कंप्रतेसाठी संवेदक मेजाची हालचाल टिपतात व प्रेरक यंत्रणा तिच्या विरुद्ध बल लावते. या प्रकारास सक्रिय विलगन म्हणतात.

येलदरी परिसर : या इतिहासातील अत्यंत कठीण टप्पा पूर्णा नदीच्या खोऱ्याशी निगडित झाला आहे. परभणी जिल्ह्यातील येलदरी येथील धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या खालच्या अंगास याच नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. ते ज्या औंढा नागनाथ तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील दुधाळा परिसर गुरुत्वीय तरंग टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेसाठी निवडण्यात आला. हा परिसर १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा निर्माण होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होता. केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रकल्पास फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः व एप्रिल २०२३ मध्ये सु. २,६०० कोटी रुपये खर्चाची अंतिम मान्यता दिली.

या वेधशाळेचा व्यतिकरणमापक प्रत्येकी ४ किमी. लांबीच्या दोन भुजांचा योजिला आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील अशाच दोन उपकरणांनी प्रथम टिपलेल्या तरंगाने भुजांच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या सु. चारशेव्या भागाइतकाच होता. आर. वाइस यांनी १९७२ मध्येच अशा मापनातील अडथळ्यांची छाननी करताना भूकंपनांचा समावेश केला होता. त्यांवर उपाय म्हणून जमिनीलगत द्रवचालित आधार, त्यावर निर्वात कक्षात सक्रिय विलगन केलेले प्रकाशीय मेज आणि त्यास टांगलेला चार टप्प्यांचा लंबक अशी रचना करतात. शेवटच्या टप्प्यातील ४० किग्रॅ. वजनाचा आरसा सिलिकेच्या सु. ०·४ मिमी. जाडीच्या तंतूंवर लोंबकळतो. आदर्श स्थितीत चार टप्प्यांमुळे कंपन कंप्रतेच्या आठव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते.

तथापि लंबकही स्वतःच्या स्वाभाविक कंप्रतेखाली निरुपयोगी ठरतो. समुद्राच्या लाटांमुळे उद्भवणारी जमिनीची हालचाल बव्हंशी ०·१ ते ०·३ हर्ट्‌झच्या टप्प्यात असते, म्हणून समुद्रापासून दूरची जागा इष्ट असते. मार्च व जुलै २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात ४·५ प्रतीचे भूकंप झाले. अशा धक्क्यात उपकरणाचे कार्य काही काळ खंडित होणे अपरिहार्य असते. अवजड वाहने, दगडखाणीतील सुरुंग व मोठी फिरती यंत्रे यांचा उपद्रव मात्र माणसाच्या हाती असतो. मायकेलसन यांना रहदारीपासून दूर जावे लागले. येथे रहदारी वेधशाळेजवळ येऊ न देणे आवश्यक आहे. परिसराची शांतता हाच अशा उपकरणाचा पहिला आधार होय व ती वेधशाळेच्या आयुष्यभर टिकविणे हे आधारांच्या निवडीइतकेच महत्त्वाचे ठरते.