मेंदूतील पोकळ्यांचे मोजमाप : नवख्या वाचकासाठी

वयस्क माणसाच्या डोक्याचा सीटी स्कॅन पाहून डॉक्टर पुष्कळदा सांगतात, ‘मेंदूतल्या पोकळ्या थोड्या मोठ्या दिसतात, पण वयोमानाने ठीक आहे.’ कोणत्या वयात किती मोठ्या असल्या म्हणजे ठीक, हे कोणीतरी मोजून ठेवलेले असावे लागते.

मेंदूत एकमेकींना जोडलेल्या चार पोकळ्या असतात. त्यांत रोज सुमारे अर्धा लिटर द्रव तयार होतो; मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा धरून एका वेळी शरीरात तो 150 मिलिलिटरच्या आसपास असतो. द्रवाची वाट अडली तर पोकळ्या फुगतात. वयाने किंवा आजाराने मेंदू आक्रसला, तरीही त्या रुंदावतात. कारणे वेगळी आणि चित्र जवळपास सारखे. या विषयातली खरी गोम इथे आहे. 1965 मध्ये सालोमोन हाकिम आणि रेमंड ॲडम्स यांनी पोकळ्या रुंदावलेल्या अशा रुग्णांचे वर्णन केले, ज्यांची चाल बिघडते, लघवीवर ताबा राहत नाही, स्मृती मंदावते. ‘म्हातारपण, दुसरे काय!’ म्हणून सोडून दिलेल्या यांतल्या काही जणांना साचलेला द्रव नळीने वळवून दिल्यावर पुन्हा नीट चालता येते.

मोजण्याची धडपड सीटीहून जुनी आहे. 1918 मध्ये बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी पोकळ्यांत हवा भरून एक्स-रे काढले. रुग्णांसाठी तो प्रकार फार क्लेशाचा होता. अशाच हवेच्या चित्रांवरून 1942 मध्ये विल्यम इव्हान्स यांनी एक साधे गुणोत्तर सुचवले : पोकळ्यांच्या पुढच्या टोकांची, म्हणजे ‘शिंगांची’, कमाल रुंदी भागिले कवटीची आतली कमाल रुंदी. 0.3 च्या वर गेले की पोकळ्या मोठ्या समजायच्या. 1971 मध्ये लंडनमध्ये हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू टिपला आणि हवेची गरज संपली. इव्हान्सचा भागाकार मात्र आजही चालतो. डोक्याचा आकार हिशेबात धरला जातो, ही त्याची ताकद. पुरुषांच्या पोकळ्या मिलिमीटरमध्ये सरासरीने मोठ्या भरतात, पण त्यांची डोकीही मोठी असतात. गुणोत्तर काढले की हा फरक बराच ओसरतो. वयाचा परिणाम असा पुसता येत नाही : साठीनंतर पोकळ्या वेगाने रुंदावतात, आणि निरोगी वृद्धांतही 0.3 ओलांडलेले सापडते. एकच सीमारेषा सगळ्या वयांना लावणे, माझ्या मते, या क्षेत्रातला सर्वात हट्टी आळस आहे.

म्हणून वाचकांनी शोधनिबंधांतल्या सरासऱ्यांच्या कोष्टकांकडे थेट धावू नये. आधी एक स्कॅन शांतपणे पाहा : कवटी पांढरी, मेंदू करडा, द्रव काळसर. डावी पोकळी उजवीपेक्षा किंचित मोठी दिसली तर दचकू नका, असे पुष्कळदा असते. मग निबंधातला पद्धतीचा भाग वाचा. छेद कोणत्या कोनातून घेतला, कडा कुठे धरली, मोजणारे एक होते की दोन, हे पाहा. ‘निरोगी’ म्हणून निवडलेली माणसे बहुधा डोकेदुखी किंवा मार लागला म्हणून रुग्णालयात आलेली आणि अहवाल निर्दोष निघालेली असतात, हेही विसरू नका. एवढे तपासले, की सरासऱ्या वाचायला घ्या.