दुखणें उलटलें कीं औषध सुटलें?

औषधांचा इतिहास आपण बहुधा आरंभाचाच इतिहास म्हणून वाचतों. अमुक औषध कोणीं शोधलें, तें प्रथम कोणाला दिलें, त्याला किती दिवसांत गुण आला, हें सर्व सविस्तर सांगितलेलें असतें. तें औषध थांबविल्यावर रोग्याचें काय झालें, हें प्रकरण मात्र फार थोड्या ग्रंथांत सांपडतें. नैराश्यावरील औषधांच्या बाबतींत तर हें मौन जवळजवळ साठ वर्षें टिकलें, आणि त्याची झळ कित्येक सुशिक्षित घरांना लागली.

एखादा गृहस्थ वर्ष-दीड वर्ष गोळी घेतो, त्याला बरें वाटूं लागतें आणि एके दिवशीं तो ती आपण होऊन बंद करितो. तिसऱ्या-चवथ्या दिवशीं त्याला चक्कर येऊं लागते, मळमळतें, झोंप उडते, विलक्षण स्वप्नें पडतात. मान वळवितांच डोक्यांत विजेचा बारीक झटका बसल्यासारखें होतें. क्षुल्लक कारणानें डोळे भरून येतात. घरचीं माणसें दोहोंपैकीं एक निदान करितात. कोणी म्हणतो, दुखणें उलटलें. कोणी म्हणतो, या गोळ्यांचें व्यसन लागलें. याहून निराळें तिसरें कांहीं असूं शकेल हें सहसा कोणाला सुचत नाहीं, कारण त्याला आपल्या बोलण्यांत रूढ नांवच नाहीं. त्या तिसऱ्या गोष्टीचा हा इतिहास आहे, आणि त्याचे कांहीं धागे आमच्या मुलुंडच्या आसमंतांत सांपडतात.

मुलुंडच्या पूर्वेस खाडी व पश्चिमेस डोंगर. उत्तरेची हद्द ओलांडली कीं ठाणें. तेथील मनोरुग्णालय १९०१ सालीं सुरू झालें. त्या काळीं विषादावर खरें औषध नव्हतें. रोग्याला आवारांत जपून ठेवणें हाच मुख्य उपचार होता. डोंगरापलीकडे, पश्चिम पायथ्याशीं गोरेगांव. तेथें सीबा या स्विस कंपनीनें संशोधनकेंद्र उभारलें व १९६३ सालीं पंडित नेहरूंच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. खुद्द मुलुंडांत हेक्स्ट या जर्मन कंपनीचें संशोधनकेंद्र १९७२ पासून चालत होतें. एका अंगास रोग्यांचें वसतिस्थान व दुसऱ्या अंगास औषधांची प्रयोगशाळा, अशा मधल्या जागीं हें उपनगर वाढलें.

या औषधांच्या कथेचा एक उगम मुंबईंतच आहे. १९४९ सालीं येथील डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनीं सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत मांडला. १९५२ सालीं सीबाच्या शास्त्रज्ञांनीं त्या मुळीपासून रेसर्पीन वेगळें काढलें. तें घेणाऱ्या कांहीं रोग्यांना खिन्नतेनें ग्रासलेलें दिसलें, आणि मनाची स्थिति व मेंदूंतील रसायनें यांचा कांहीं संबंध असावा या तर्कास बळ आलें. त्याच दशकांत स्वित्झर्लंडांतील रोलंड कून यांनीं गायगी कंपनीचें इमिप्रामीन खिन्न रोग्यांना देऊन पाहिलें व १९५७ सालीं आपला अनुभव प्रसिद्ध केला. नैराश्यावरील औषधांचें युग येथून सुरू झालें असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां आश्चर्याची गोष्ट अशी कीं, या युगाची दुसरी बाजू अवघ्या दोन वर्षांत दिसून आली होती. इमिप्रामीन थांबविल्यावर रोग्यांना त्रास होतो, ही नोंद १९५९ सालीं कॅनडांत मान व मॅक्फर्सन यांनीं केली. १९६१ सालीं अमेरिकेंतील क्रेमर, क्लाइन व फिंक यांनीं त्यावर स्वतंत्र निबंधच लिहिला. म्हणजे ज्ञान झालें नव्हतें असें नाहीं. झालेलें ज्ञान बाजूला पडलें. पुढें सीबा व गायगी १९७० सालीं एक झाल्या. गोरेगांवच्या प्रयोगशाळेंतून इमिप्रामीनच्याच जातीचें नायट्रॉक्साझेपीन निघालें व सिंटामिल या नांवानें आपल्या बाजारांत आलें. हेक्स्टचें नोमिफेन्सीन हें नैराश्यावरील औषध मात्र रक्तावरील दुष्परिणामांमुळें १९८६ सालीं मागें घेण्यांत आलें. औषध घेत असतां होणारा अपाय मोजण्याची व्यवस्था होती. तें सोडतांना होणारा त्रास मोजण्याची नव्हती.

१९८७ च्या अखेरीस अमेरिकेंत फ्लुओक्झेटीनला मान्यता मिळाली आणि नव्या पिढीचीं औषधें आलीं. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यानें औषधाच्या केवळ कृतीलाच संरक्षण दिलें होतें; त्यामुळें हीं औषधें देशी कारखान्यांत स्वस्तांत बनूं लागलीं व मध्यमवर्गाच्या कपाटांत पोंचलीं. फ्लुओक्झेटीन व त्याचा अंश शरीरांत कित्येक आठवडे रेंगाळतो, म्हणून तें सोडणें तुलनेनें सोपें. पॅरॉक्सेटीन, व्हेन्लाफॅक्सीन हीं लवकर निघून जातात, म्हणून त्यांचा हिसका मोठा. १९९६ च्या डिसेंबरांत फ्लुओक्झेटीनच्याच उत्पादकांच्या साह्यानें तज्ज्ञांची एक बैठक अमेरिकेंत भरली व त्यांतून ‘डिस्कंटिन्युएशन सिंड्रोम’ हें नांव रूढ झालें. अफूच्या संदर्भांत वापरला जाणारा ‘विथड्रॉअल’ हा शब्द त्यामुळें मागें पडला. नांव सौम्य झालें. त्याबरोबर त्रासही सौम्य व एक-दोन आठवड्यांचाच असतो, अशी समजूत पसरली.

आपल्याकडे अफूची भीति अकारण नाहीं. मुंबईच्या गिरण्यांतून काम करणाऱ्या कित्येक आया तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी देऊन कामावर जात, हा कांहीं फार जुना इतिहास नव्हे. परंतु व्यसनांत पदार्थाची ओढ असते, मात्रा वाढवीत नेण्याची हांव असते. नैराश्यावरील गोळीसाठीं कोणी चोरी करीत नाहीं कीं रोज एक गोळी अधिक मागत नाहीं. येथें घडतें तें एवढेंच कीं, मेंदूनें औषधाच्या सहवासांत आपला तोल नव्यानें सांवरलेला असतो. आधार एकाएकीं काढला कीं तो तोल जातो. देहाला झालेली संवय आणि मनाला लागलेलें व्यसन हीं एक नव्हेत.

२०१९ सालीं हॉरोविट्झ व टेलर यांनीं या तोलाचें गणित स्पष्ट केलें. सिटॅलोप्रामची २० मिलिग्रॅमची मात्रा मेंदूंतील सेरोटोनिन परत शोषून घेणाऱ्या जागांपैकीं सुमारें ८० टक्के व्यापते. ती ९ मिलिग्रॅमपर्यंत उतरविली तरी सुमारें ७० टक्के जागा व्यापलेल्याच राहतात. ५० टक्क्यांवर येण्यास ३.४ मिलिग्रॅमपर्यंत खालीं यावें लागतें. घाट उतरतांना पायथ्याशीं उतार सौम्य होतो. येथें उलट, कडा पायथ्याशींच आहे. म्हणून पूर्ण गोळी, अर्धी गोळी आणि मग बंद, हा प्रचलित क्रम कित्येकांना शेवटच्या पायरीवर पाडतो. लवकर उतरणारें औषध एक दिवसाआड घेण्याची युक्तिही याच कारणानें फसते. त्याच वर्षीं इंग्लंडांतील मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनें आपली पूर्वींची भूमिका बदलली व हा त्रास कांहींना तीव्र आणि दीर्घ होऊं शकतो हें मान्य केलें.

यावरून सर्वांनाच हा भोग आहे असें समजूं नये. २०२४ सालीं अनेक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हां औषध थांबविणाऱ्यांपैकीं सुमारें ३१ टक्क्यांना कांहींना कांहीं लक्षणें झाल्याचें आढळलें. पण निरुपद्रवी खोटी गोळी थांबविणाऱ्यांपैकींही १७ टक्क्यांना तीं झालीं. तीव्र त्रास सुमारें ३ टक्क्यांना झाला. उलट, दुखणें खरोखर उलटण्याची भीतिही खोटी नाहीं. इंग्लंडांतील २०२१ सालच्या एका चाचणींत, दीर्घकाळ औषध घेऊन बऱ्या असलेल्यांपैकीं ज्यांचें औषध थांबविलें त्यांतील ५६ टक्क्यांना वर्षभरांत नैराश्य परत आलें. ज्यांचें चालू ठेवलें त्यांतील ३९ टक्क्यांना. तेव्हां औषध सोडावें कीं नाहीं, हा प्रश्न प्रत्येकाचा निराळा आहे. कसें सोडावें, याचें उत्तर मात्र आतां बरेंच स्पष्ट आहे.

दोहोंतील भेद ओळखण्याची कांहीं साधनें आहेत. मात्रा उतरविल्यावर थोड्याच दिवसांत त्रास सुरू झाला, चक्कर व डोक्यांतील झटके अशीं मूळ दुखण्यांत नसलेलीं लक्षणें दिसलीं, आणि मात्रा पूर्ववत् करतांच तीं लवकर शमलीं, तर तो औषध सुटल्याचा त्रास असण्याचा संभव अधिक. नैराश्य परततें तें बहुधा सावकाश, आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या चालीनें. हा नियम निरपवाद नाहीं. म्हणून तारीखवार टांचण ठेवून तें डॉक्टरांना दाखवावें. प्रत्येक गोळी तोडण्याजोगी नसते, हेंही त्यांनाच विचारावें. आणि जिवाचें बरेंवाईट करण्याचा विचार मनांत आला, तर कारण शोधीत न बसतां तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी.

पण यासाठीं घरांत मोकळेपणा पाहिजे. मुलीचें लग्न ठरलें कीं तिची गोळी सासरीं कळूं नये म्हणून एकदम बंद करणारीं घरें आपल्यांत आहेत, आणि महिन्याभरानें ‘स्वभावच तसा’ असा शिक्का त्याच मुलीवर बसतो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत सातव्या अध्यायांत अंगवळणीं पडलेली अहितकर गोष्टही चतुर्थांशाच्या क्रमानें सोडावी असें सांगितलें आहे. चरकाला सेरोटोनिन ठाऊक होतें असा दावा करण्याचें कारण नाहीं. देह संवयीनें बांधलेला असतो, एवढें त्यानें पाहिलें होतें. आपल्या घरांतूनही लंघन सोडणाऱ्याला कोणी पहिल्याच पानावर पुरणपोळी वाढीत नाहीं. आधीं पेज, मग मऊ भात, मग वरणभात. खाण्याच्या बाबतींत जो धीर आपण पिढ्यान्‌पिढ्या बाळगला, तोच गोळी सोडणाऱ्याच्या बाबतींत बाळगला, तर १९५९ सालीं लिहिलें जाऊन विसरलें गेलेलें तें पान पुन्हां वाचल्यासारखें होईल.