असंपृक्त : एका अडखळवणाऱ्या संज्ञेची गोष्ट

दहावीच्या विज्ञानात ‘असंपृक्त’ हा शब्द येतो आणि विचार करणारा विद्यार्थी तिथेच अडतो. इथेनच्या दोन कार्बनांमध्ये एक बंध, इथीनच्या दोन कार्बनांमध्ये दोन. मग जिथे जोड जास्त, त्यालाच ‘असंपृक्त’, म्हणजे न जोडलेले, का म्हणायचे?

शंका रास्त आहे. संस्कृतात संपृक्त म्हणजे एकमेकांशी जोडलेले, मिसळलेले. कालिदासाने रघुवंशाच्या पहिल्याच श्लोकात शब्द आणि अर्थाच्या जोडीला हेच विशेषण लावले आहे. इंग्रजी ‘सॅच्युरेटेड’ या संज्ञेचे मूळ मात्र लॅटिनमधल्या ‘सातुर’मध्ये आहे आणि त्याचा अर्थ पोट भरलेला. आपल्या परिभाषेत पोट गेले आणि मिसळणे आले. साखरेच्या संपृक्त पाकाला ते शोभते. कार्बनच्या साखळीला ‘तृप्त’ आणि ‘अतृप्त’ हे शब्द जास्त शोभले असते, असे माझे मत आहे. कारण इथे प्रश्न जोडाचा नसून भुकेचा आहे. कार्बनला चार हात. शेजारच्या कार्बनला एकच हात देऊन उरलेल्या हातांत जेवढे हायड्रोजन मावतील तेवढे धरले, की साखळी तृप्त. दोन कार्बनांनी एकमेकांचे दोन-दोन हात धरले, की तेवढी हायड्रोजनची जागा बाकी राहते. पाक तापवला तर त्यात आणखी साखर मावते. तृप्त साखळी कितीही तापवा, तिच्यात जादा हायड्रोजन शिरत नाही. शब्द एकच, पण ही दोन संपृक्तपणे वेगळी आहेत.

जानेवारीतल्या पहाटे जळगावात खोबरेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही; शेजारच्या बरणीतले गोडेतेल मात्र खुशाल वाहते. दोन्ही तेलेच, फरक या भुकेचा. ती मोजायची रीत म्हणजे आयोडीन मूल्य : 100 ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन पचवते तो आकडा. खोबरेलाचा दहाच्या आत-बाहेर, शेंगदाण्याचा नव्वदीच्या आसपास, सरकीचा शंभराच्या पुढे. शाळेत हीच परीक्षा परीक्षानळीत होते. तेलात टिंक्चर आयोडीनचे थेंब टाकून हलवले की तांबूस रंग विरतो. वनस्पती तुपावर तो बराच टिकून राहतो. दुहेरी बंधापाशी साखळीला वाक येतो, वाकड्या साखळ्या एकमेकींना चिकटून रचल्या जात नाहीत, म्हणून तेल पातळ राहते.

हा वाक सरळ करण्याचा धंदा खानदेशात मोठा झाला. 29 डिसेंबर 1945 रोजी अमळनेरची ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी नोंदली गेली. संस्थापक मोहम्मद हाशम प्रेमजी. माल म्हणजे ‘सनफ्लॉवर’ वनस्पती आणि 787 नावाचा कपड्यांचा साबण. हीच आजची विप्रो. अमळनेरकर विप्रोच्या शेअरांच्या सुरस कथा सांगतात. त्या शेअरांच्या तळाशी निकेलची पूड आणि हायड्रोजन आहे, हे सांगायचे मात्र राहून जाते. तापलेल्या तेलात निकेलची बारीक पूड घालून दाबाखाली हायड्रोजन सोडायचा, की दुहेरी बंध उघडतात, हायड्रोजन घेतात आणि तेल थिजते. युक्ती युरोपातली. 1897 साली पॉल साबात्ये आणि सांदरां यांनी निकेलवर इथीनचे इथेन करून दाखवले आणि 1902 मध्ये विल्हेल्म नॉर्मान यांनी तेलांसाठी पेटंट घेतले. साबात्येंना 1912 चे नोबेल मिळाले.

पण हे काम अर्धवट थांबवतात. पूर्ण तृप्त केले तर मेणच हाती यायचे. या अर्ध्या वाटेवर काही दुहेरी बंध हायड्रोजन न घेताच कूस बदलतात आणि ट्रान्स होतात, म्हणजे बंध राहतो पण साखळीचा वाक जातो. तेलातले वाकडे ओलेइक आम्ल वितळते साधारण 13 अंशांना. त्याचे ट्रान्स भावंड 45 ला, तर पूर्ण संपृक्त स्टीअरिक 69 ला. ट्रान्स स्निग्धाम्ल रासायनिक व्याख्येने असंपृक्तच असते, पण हृदयाला ते घातक. म्हणून ‘असंपृक्त ते हृदयाला चांगले’ हे समीकरण ढोबळ आहे. जानेवारी 2022 पासून आपल्याकडे तेला-तुपात औद्योगिक ट्रान्सला 2 टक्क्यांची मर्यादा आहे.

नावावरूनही फसगत होते. पॉलिथीनच्या नावात इथीन आहे, पण कण्यात दुहेरी बंध उरलेला नसतो. ते आईचे नाव लावते एवढेच. उलट बेंझीन दिसायला चांगले भुकेले, पण ब्रोमीनच्या पाण्याचा रंग काही घालवत नाही.

आणि केळी. रावेर-यावलच्या केळीला पिकवायला जो वायू सोडतात तो इथिलीन, म्हणजे तेच पुस्तकातले इथीन. कायद्याने त्याची कमाल मात्रा दहा लाखांत 100 भाग. केळ्याच्या पेशीत त्याला ओळखणारे जे प्रथिन असते, त्यातला तांब्याचा आयन हा दुहेरी बंध पकडतो. कार्बाइडच्या पुडीतून निघणाऱ्या ॲसिटिलीनमध्ये तिहेरी बंध असतो, म्हणून तेही पिकवते. पण मात्रा कितीतरी जास्त लागते, शिवाय कार्बाइडमध्ये आर्सेनिक-फॉस्फरसची भेसळ येते, म्हणून त्यावर बंदी आहे. इथिलीनला दोन हायड्रोजन जोडा, इथेन होते. ते खोलीत कितीही सोडा, केळ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.