‘थांब’ आणि ‘चल’



गोंदिया जंक्शनावर पूर्वीं साडेपांच फुटी रुळांची गांठ अडीच फुटी रुळांशीं पडत असे. नागपूरहून छत्तीसगडाकडे जाणारा मार्ग रुंद. आणि नैनपुरावरून १९०५ सालीं जबलपुरास पोंचलेला सातपुड्याचा मार्ग अरुंद. मोठ्या वाघिणींतला माल येथें लहान वाघिणींत चढवावा लागे. उतरविणारांचे हात चढविणारांपेक्षां चपळ ठरले, तर मध्यें पोत्यांचा ढीग सांचणार आणि जागा संपतांच मागच्यांना ‘थांबा’ म्हणावें लागणार, हें उघड आहे. आतां ती अरुंद वाट उरली नाहीं. पण तोच प्रश्न पुढें घरगुती संगणकापुढें उभा राहिला.

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें मुंबईसारख्या महानगरांत सामान्य ग्राहकांसाठीं इंटरनेट खुलें केलें, तेव्हां घरचा संगणक टेलिफोनच्या तारेला जोडण्याचें काम मोडेम करी. संगणकाकडून मोडेमला सेकंदास ५७,६०० अंश मिळत, तर तारेवरून जेमतेम २८,८०० जात. मोडेमची लहानशी कोठी भरली, कीं पुढचीं अक्षरें बिनबोभाट गळून पडत. चूक पकडणारे नियम असत खरे. परंतु मग तोच भाग पुन्हां मागवावा लागे, आणि टेलिफोनचें बिल मात्र चढत राही.

यावर उपाय दोन. पहिला, मजकुरांतच हुकूम घालण्याचा. १९६३ च्या आस्की संकेतांतील १७ व्या खुणेचा अर्थ ‘चल’, आणि १९ व्या खुणेचा ‘थांब’, असा रूढ झाला. कागदी फीत वाचणारें टेलेटाइप यंत्र चालूं-बंद करण्याची ही युक्ति होती. पत्रव्यवहाराला ती पुरे; पण चित्राच्या किंवा कार्यक्रमाच्या फाईलींत १९ हा आंकडा सहज येतो, आणि तो हुकूम समजून सारें काम अडून बसे.

दुसरा उपाय, स्वतंत्र तारांचा. १९६० च्या आरएस-२३२ प्रमाणानुसार संगणक एका तारेवर ‘पाठवूं काय?’ विचारी आणि मोडेम दुसरीवर ‘पाठव’ म्हणे. हा रिवाज एका वेळीं एकाच बाजूनें बोलणाऱ्या मोडेमांसाठीं होता. पुढें दोन्हीं बाजूंनीं एकदम बोलणें शक्य झालें, तेव्हां नांवें तींच राहिलीं, अर्थ मात्र बदलला. पहिल्या तारेनें संगणक ‘माझ्याकडे घेण्यास जागा आहे’ असें सांगूं लागला.

तरीहि एक उणीव होतीच. जुन्या ८२५० चिपमध्यें आलेलें एकच अक्षर राखून ठेवतां येई. संगणक अन्य कामांत क्षणभर गुंतला, कीं तें नव्या अक्षराखालीं गडप होई. १६५५०ए चिपनें सोळा अक्षरांची सोय केली, आणि ‘थांब’ म्हणण्याइतकी उसंत मिळाली.

वेगाचें कौतुक सर्वांनाच असतें. परंतु दोन असमान वेगांच्या सांध्यावर माल सुखरूप उतरतो, तो वेळीं ‘थांब’ म्हणणारा आणि तें ऐकणारा, असे दोघेहि जागे असतील तरच.