चाक-संतुलक वजने

मोटारगाडीच्या चाकाचे वस्तुमान त्याच्या अक्षाभोवती सारखे विभागलेले नसल्यास तो दोष घालविण्यासाठी रिमवर बसविण्यात येणारे धातूचे लहान तुकडे. ही वजने रिमच्या कडेवर पोलादी चापाने (क्लिपने) अडकवितात किंवा रिमच्या आतील पृष्ठावर आसंजकाने (चिकटविणाऱ्या द्रव्याने) चिकटवितात. या वजनांचा इतिहास हा मुख्यत्वे ती चाकावर टिकवून कशी धरावयाची, या प्रश्नाचा इतिहास आहे. पडलेल्या वजनाचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र बऱ्याच उशिरा विचारला गेला.

संतुलनाची गरज : जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये हवा भरलेला टायर व्यवहारात आणला व १८९५ च्या पॅरिस–बॉर्दो–पॅरिस शर्यतीत मिशेलिन बंधूंनी असे टायर मोटारगाडीला बसविले. रबर व कापड यांच्या थरांनी बनलेल्या टायरची जाडी सर्वत्र तंतोतंत सारखी नसते. शिवाय हवा भरण्याच्या झडपेचेही वजन असते. गाडीचा वेग कमी असताना हा फरक जाणवत नाही. परंतु केंद्रोत्सारी प्रेरणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अक्षापासून २० सेंमी. अंतरावर ३० ग्रॅ. वस्तुमान जास्त असल्यास ३० सेंमी. त्रिज्येच्या चाकावर, ताशी १०० किमी. वेगाला, सु. ५ किग्रॅ. वजनाइतकी प्रेरणा निर्माण होते व तिची दिशा दर सेकंदाला सु. १५ वेळा फिरते. परिणामी चाक उसळते किंवा डावी-उजवीकडे डगमगते, सुकाणू चक्र थरथरते, टायर ठिकठिकाणी झिजतो आणि धारवे व निलंबनाचे सांधे सैल होतात. फिरत्या भागांचे गतिकीय असंतुलन मोजणारे यंत्र फ्रांट्स लाव्हाचेक यांनी जर्मनीत १९०७ मध्ये तयार केले. ते उद्योगातील मोठ्या घूर्णकांसाठी होते. त्याच तत्त्वावरील यंत्रे पुढे मोटारगाड्यांच्या दुरुस्ती-कर्मशाळांत आली.

चापाची वजने : या कामासाठी शिसे सर्वांत सोयीचे ठरले. त्याची घनता दर घ. सेंमी.ला ११.३ ग्रॅ. असल्याने लहान तुकडा पुरतो; ते स्वस्त आहे, सहज ओतता येते आणि मऊ असल्यामुळे रिमच्या वक्रतेप्रमाणे वाकते. शिशात ओतलेला पोलादी चाप हातोडीने रिमच्या कडेवर ठोकला म्हणजे काम होई. पोलादी पत्र्याच्या रिमवर ही पद्धत चांगली चाले. मात्र चाप सैल झाला अथवा चाक पदपथाच्या कडेला घासले, तर वजन निसटून रस्त्यावर पडे.

मिश्रधातूची चाके व आसंजक : ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूची ओतीव चाके ‘बुगाटी टाइप ३५’ या शर्यतीच्या गाडीवर १९२४ मध्येच आली होती, पण सर्वसाधारण गाड्यांवर ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पसरली. या चाकांच्या कडा जाड व निरनिराळ्या आकारांच्या असतात. चाप ठोकल्याने त्यांवरील लेप खरवडला जातो आणि तेथे खारट पाणी शिरल्यास पोलाद व ॲल्युमिनियम यांच्या संपर्काने विद्युत् रासायनिक संक्षारण सुरू होते. म्हणून वजने रिमच्या आतील बाजूस चिकटविण्याची पद्धत रूढ झाली.

तिला लागणारी दाबसंवेदी चिकटपट्टी मोटारगाड्यांच्या धंद्यातूनच पुढे आली होती. गाड्यांना दोन रंग देताना मधली रेषा स्वच्छ यावी म्हणून रिचर्ड ड्र्यू यांनी अमेरिकेतील ‘थ्री एम’ कंपनीत १९२५ मध्ये रंगकामाची चिकटपट्टी तयार केली. त्याच कंपनीने १९८० मध्ये ॲक्रिलिक फेसाची, दोन्ही बाजूंनी चिकटणारी मजबूत पट्टी बाजारात आणली. संतुलक वजनांखाली ॲक्रिलिक किंवा पॉलिएथिलीन फेसाच्या पट्ट्या वापरतात. फेसाचा थर पृष्ठावरील उंचसखलपणा भरून काढतो आणि हादरे शोषून घेतो [⟶ आसंजके].

टिकाऊपणा : रिमच्या नळकांड्यासारख्या भागावर आतून चिकटविलेले वजन चाक फिरू लागताच केंद्रोत्सारी प्रेरणेने रिमवरच दाबले जाते. वेग वाढला की ते उडून जाईल, ही समजूत म्हणून बरोबर नाही. ते सुटते ते कडेपासून उलत जाऊन. आसंजकाच्या रेणूंना धातूशी निकट संपर्क मिळाला नाही म्हणजे अशी सुरुवात होते. गतिरोधकाची बारीक भुकटी, मेण, टायर बसविताना लावलेला साबण, जुन्या पट्टीचे अवशेष, ओलावा किंवा पट्टीला झालेला बोटांचा स्पर्श यांमुळे आसंजक धातूऐवजी मळालाच चिकटते. पुढे गतिरोधकाची उष्णता, साचलेला चिखल आणि धुताना मारलेला पाण्याचा जोरदार फवारा उरलेले काम करतात.

म्हणून जुनी पट्टी रिमला चरा न पाडता पूर्णपणे खरवडून काढतात, जागा आयसोप्रोपिल अल्कोहॉलाने पुसून कोरडी करतात आणि वजन बसविल्यावर त्याच्या सर्व लांबीवर जोराने दाब देतात. पृष्ठाचे तापमान १०° से.पेक्षा कमी असल्यास आसंजक कडक राहून नीट पसरत नाही; अशा वेळी रिम आधी कोमट करावी लागते. ॲक्रिलिक आसंजकाचे बल सामान्य तापमानाला २० मिनिटांत सु. निम्मे, २४ तासांत सु. ९० टक्के व ७२ तासांत पूर्ण येते. त्यामुळे पहिल्या दिवशी चाके फवाऱ्याने न धुणे इष्ट असते. एकदा निघालेले वजन त्याच पट्टीवर पुन्हा बसवीत नाहीत. वजन व गतिरोधकाचे भाग यांत पुरेसे अंतर आहे, हेही पाहावे लागते.

शिशाचा प्रश्न : पडलेल्या वजनाचे नुकसान गाडीच्या मालकापुरतेच आहे, असा समज दीर्घकाळ होता. रॉबर्ट रूट यांनी अमेरिकेतील ॲल्बकर्की (न्यू मेक्सिको) शहरात केलेल्या व २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने तो खोटा ठरविला. रस्त्यावर पडलेली शिशाची वजने कडेला साचतात आणि वाहनांखाली इतक्या लवकर भरडली जातात, की एका आठवड्याहून थोड्या अधिक काळात निम्मे शिसे दिसेनासे होते, असे त्यांना आढळले. ही भुकटी धुळीतून, पावसाच्या पाण्यातून व पादत्राणांबरोबर घरांपर्यंत पोहोचू शकते. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस विशेष घातक असते. अमेरिकेत १९९६ पर्यंत रस्त्यावरील वाहनांच्या पेट्रोलातून शिसे हद्दपार झाले होते. चाकांवरून मात्र ते गळतच होते.

कालबाह्य वाहनांविषयीच्या २००० च्या निर्देशानुसार युरोपीय संघात शिशाच्या संतुलक वजनांना असलेली सवलत १ जुलै २००५ रोजी संपली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१० पासून व वॉशिंग्टन राज्याने २०११ पासून त्यांवर बंदी घातली. शिशाची जागा जस्त व पोलाद यांनी घेतली. या धातूंची घनता कमी असल्याने तेवढ्याच वजनाला सु. दीडपट जागा लागते. पोलाद शिशासारखे वाकत नाही. त्यामुळे ५ व १० ग्रॅ.च्या तुकड्यांची, मध्ये खाचा असलेली पट्टी वापरतात. प्रत्येक तुकडा सपाटच राहत असल्यामुळे रिमची वक्रता फेसाच्या थराला भरून काढावी लागते. पोलादावरील संरक्षक लेप खरवडल्यास गंज कडेने पट्टीखाली शिरतो. अशा रीतीने शिसे गेल्याने रस्ता सुरक्षित झाला. परंतु शिशाचा मऊपणा जो सैलपणा सांभाळून घेत असे, तो आता पृष्ठाच्या स्वच्छतेने व कारागिराच्या काळजीने भरून काढावा लागतो.