तिरंदाजी

शिकार आणि युद्धासाठी जन्मलेली ही विद्या बंदुकीने रणांगणातून हाकलली आणि हौशी मंडळींनी खेळ म्हणून सांभाळली. 1545 साली बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रजी युद्धनौकेत यू लाकडाची शंभराहून अधिक धनुष्ये सापडली. बहुतेक पुरुषभर उंचीहूनही लांब. ती ओढणे येरागबाळ्याचे काम नव्हते.

लंडनमध्ये 1781 साली ‘टॉक्सोफिलाइट सोसायटी’ निघाली आणि धनुष्य उमरावांच्या हिरवळीवर आले. स्त्रियांनाही येथे लवकर वाव मिळाला : 1908 च्या ऑलिंपिकमध्ये क्वीनी न्यूऑल हिने 53 व्या वर्षी सुवर्णपदक जिंकले.

1920 नंतर हा खेळ ऑलिंपिकमधून गायब झाला. कारण साधे होते. देशोदेशीचे नियम निराळे. 1931 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला, तरी पुनरागमनाला 1972 चे म्युनिक उजाडावे लागले. आज ऑलिंपिकमध्ये 70 मीटरवरून 122 सेंटिमीटर व्यासाच्या लक्ष्यावर नेम धरतात. दहा गुणांचे वर्तुळ अवघे 12.2 सेंटिमीटरचे. दक्षिण कोरियाच्या महिला संघाने 1988 ते 2024 सांघिक सुवर्ण एकदाही सोडले नाही.

कप्प्या लावलेले कम्पाउंड धनुष्य 1960 च्या दशकात अमेरिकेत आले. त्याच प्रकारात 2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी जगज्जेते ठरले.